मांस, मेद आणि लस

हिमायतनगर येथील लसीकरण केंद्रावर २०२१ च्या उन्हाळ्यात कानी पडलेल्या एका वाक्यापासून प्रस्तुत लेखाचा आरंभ केल्यास वाचकांनी तो विषयांतराचा दोष मानू नये. रांगेत आमच्या पुढे पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या एक बाई होत्या. बाही वर सारता सारता त्यांनी परिचारिकेस विचारले, "सिस्टर, माझ्या दंडाला मांस लई हाये, सुई आत पोचती का नाई?" परिचारिका म्हणाली, "पोचते मावशी, हात ढिला सोडा." मागील दोघे-तिघे हसले आणि रांग पुढे सरकली. परंतु तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. लठ्ठ शरीर लसीस कसा प्रतिसाद देते, याची वैद्यकशास्त्राने गांभीर्याने विचारपूस आरंभिली ती १९८० नंतर. म्हणजे पहिली लस मुंबईत उतरल्याला जवळजवळ एकशेऐंशी वर्षे लोटल्यावर. इतका विलंब का व्हावा, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. तेव्हा शब्दांचा इतिहास आणि लसीचा इतिहास जेथे एकमेकांस भेटतात तेथे तो अधिक रेंगाळला तर ते समजून घ्यावे.

प्रथम त्या बाईंच्या वाक्यातील 'मांस' हा शब्द. त्यांच्या दंडावर जे अधिक होते तो वस्तुतः मेद होता; पण मराठी बोलणारा कोणीही मनुष्य तेथे 'मांस' असेच म्हणेल. 'अंगावर मांस चढले', 'मांसल बांधा', 'हाडावर मांस नाही' या प्रयोगांत स्नायू आणि चरबी यांचा भेद केलेला नाही. आयुर्वेदाने सप्तधातूंमध्ये मांस आणि मेद असे दोन स्वतंत्र धातू मानले, तरी तो भेद बोलीत उतरला नाही. 'चरबी' हा फारसीतून आलेला शब्द आपल्याकडे आहे. परंतु माणसाच्या बाबतीत 'चरबी चढली' असे म्हटले की बहुधा त्याच्या मस्तीविषयी बोलणे चाललेले असते. एरवी देहाच्या वर्णनात भरलेपणा ही चांगली गोष्ट. मूल बाळसे धरते. सासरी गेलेली मुलगी भरल्या अंगाने माहेरी आली तर 'तब्येत सुधारली' म्हणतात, आणि रोडावून आली तर आईला रात्री झोप येत नाही. पगारसुद्धा 'लठ्ठ' असावा असे आपणांस वाटते. ज्या मुलखाने १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पाहिला आणि १९७२ चाही पाहिला, त्याच्या भाषेत कृशतेला भय व स्थूलतेला समाधान चिकटून राहावे हे स्वाभाविकच होय.

याच्या उलट बाजूचे एक जुने मत येथेच नोंदवून ठेवतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ निंदित देहप्रकार सांगितले आहेत. अतिदीर्घ, अतिऱ्हस्व इत्यादींच्या पंक्तीत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही बसलेले आहेत. मात्र चर्चा विस्ताराने केली आहे ती या दोघांचीच, आणि निर्णय असा की दोहोंत कृशता बरी. कारण रोग दोघांनाही गाठो, तो स्थूलास अधिक पीडतो. मेदाने शरीरातील मार्ग आवृत होतात ही त्यामागची उपपत्ती. एवढ्यावरून चरकास रोगप्रतिकारशास्त्र अवगत होते असे म्हणू लागणे हा निव्वळ अडाणीपणा ठरेल. असा अडाणीपणा अलीकडे बराच ऐकावयास मिळतो. परंतु दुष्काळी मुलखाच्या बोलीने जे निरीक्षण पुसून टाकले ते शास्त्रग्रंथाने जपून ठेवले होते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

आता लसीकडे वळू. हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. पैनगंगा ही जुन्या काळची सरहद्द. तिच्या पलीकडे वऱ्हाडात इंग्रजी अंमल, अलीकडे हैदराबाद संस्थान. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत अलीकडच्या तीरावरील सरकारी व्यवहाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून देण्याचा प्रयोग केला, आणि त्यासाठी १९१७ मध्येच एक स्वतंत्र भाषांतरसंस्था उभारण्यात आली होती. साहजिकच येथील मराठी माणसाच्या कानावर लसीचे दोन कुळांतील शब्द पडत आले. सरकारी उर्दूतला शब्द 'टीका'. घरातला शब्द 'देवी काढणे', 'देवी टोचणे'. हे शब्द शेजारी ठेवून पाहिले असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. 'टीका' म्हणजे मुळात अंगावरील खूण, ठिपका. आपल्या टिळ्याचा तो सख्खा नातलग. 'टोचणे' ही कातडीवरची क्रिया. 'देवी' म्हणजे अंगावर उठणारे फोड, आणि ते उठविणारी देवताही. खुद्द 'लस' या शब्दाचा मूळ अर्थ फोडातून किंवा जखमेतून पाझरणारा पातळ द्रव असा आहे. संस्कृत 'लसीका' या शब्दाशी त्याचे नाते उघड दिसते. म्हणजे या विषयाची आपली सारी परिभाषा त्वचेच्या पृष्ठभागावर उभी आहे. त्वचेच्या खाली काय घडते, हे सांगणारा एकही जुना शब्द तीत नाही.

याचे कारण इतिहासात आहे. एडवर्ड जेन्नरची गोदेवीची लस बगदाद व बसरा या मार्गाने मुंबईस पोहोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती प्रथम यशस्वी झाली. तिच्या फोडातील द्रव घेऊन पुढे आणखी मुलांना टोचण्यात आले, आणि दंडाकडून दंडाकडे अशी ती लस हिंदुस्थानभर पसरत गेली. या पद्धतीत सुई कातडीच्या बाहेर फारशी जातच नसे. टोचणाऱ्याने दंडावर ओरखडे काढावयाचे, त्यांत लस भरावयाची आणि सुमारे आठवड्याने पुन्हा येऊन पाहावयाचे. फोड धरला असेल तर 'देवी लागल्या'. नसेल तर पुन्हा टोचणे. हे 'लागणे' क्रियापद फार अर्थपूर्ण आहे. कलम लागते, रोप लागते, त्याच अर्थाने देवी लागतात. बाहेरून आणलेली वस्तू या देहाने आपली म्हणून स्वीकारली, एवढा आशय त्यात आहे. आणि हा स्वीकार डोळ्यांनी पाहता येत असे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नव्हती. आई, शेजारीण, गावचा पाटील, कोणीही दंड पाहून निकाल देऊ शकत होता. जुन्या पिढीतील माणसांच्या दंडांवर तो वण अद्यापही दिसतो.

अशा व्यवस्थेत लठ्ठपणाचा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. मेद हा त्वचेखाली असतो, आणि लस त्वचेतच थांबे. हडकुळ्या मुलाची कातडी आणि गुबगुबीत मुलाची कातडी या दोहोंवर ओरखडा सारखाच उठतो. पुढे दुभंगी टोकाची सुई आली, तीही त्वचेतच राहिली. १९७५ मध्ये भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण आढळून १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरविला गेला, तोवर पावणेदोनशे वर्षांत कोणाच्या मेदाची चौकशी करावी लागली नाही. आजही क्षयाची बीसीजी लस अर्भकाच्या दंडावर त्वचेतच देतात.

सुई त्वचेच्या खाली उतरली ती पटकी आणि प्लेग यांच्या लसींबरोबर. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तिची १० घनसेंटीमीटर एवढी मोठी मात्रा स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. त्यानंतर काही दिवसांतच भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले, टोचलेल्यांपैकी २ जणांना तो झाला व एकही दगावला नाही. येथे प्रश्न असा की, लस लागली हे आता ओळखावयाचे कसे? फोड उठत नाही, वण राहात नाही. हाफकिन यांनी ताप हे गमक मानले. टोचल्यानंतर येणारा ताप जितका स्पष्ट, तितकी लस कार्यक्षम. मात्राही त्याच हिशेबाने ठरविली जाई. पुरुष, स्त्रिया आणि मुले यांच्या मात्रा वेगवेगळ्या असत. म्हणजे सर्व देह सारखे नाहीत ही जाणीव तेव्हाही होती. पण फरक मोजला गेला तो वय आणि लिंग यांचा. कैदी, गिरणीकामगार, दुष्काळाने पिळून निघालेले शेतकरी यांच्यामध्ये लठ्ठपणाचा वेगळा स्तंभ कोणी कशाला मांडावा? हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले.

एक बाब मात्र विसरू नये. भायखळ्याचा हिशेब हा समूहाचा हिशेब होता. दंडावरचा वण एकेका मुलाविषयी बोलत असे. 'इतक्यांपैकी इतके' हे गणित कोणा एकाविषयी काहीच बोलत नाही. लसीचे शास्त्र जसजसे या गणिताकडे वळले, तसतसा ज्याच्यात ती लस नीटशी लागत नाही असा मनुष्य सरासरीच्या आड दिसेनासा झाला.

त्वचेखालच्या मेदाकडे या काळात कसे पाहिले जात असे, याचे उदाहरण म्हणून श्वानदंशाच्या इंजेक्शनांकडे बोट दाखविता येईल. 'पोटातली चौदा इंजेक्शने' ही आपल्याकडील एका अख्ख्या पिढीची भयकथा होती. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीस तयार केलेली ती मेंढीच्या मेंदूपासूनची लस पोटाच्या कातडीखाली देत. कारण मात्रा मोठी, आणि ती मावेल अशी सैल जागा पोटावरच सापडे. मेद म्हणजे एक निरुपद्रवी रिकामी खोली, तीत सामान ठेवून द्यावे आणि शरीराने ते सवडीने उचलून न्यावे, अशी ती कल्पना होती. ही लस भारतात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली, आणि तिच्या जागी दंडात द्यावयाच्या नव्या लसी आल्या.

स्नायूपर्यंत सुई पोहोचविण्याची गरज निर्माण झाली ती तुरटीमुळे. लंडनच्या अलेक्झांडर ग्लेनी यांनी १९२६ मध्ये असे दाखविले की, घटसर्पाचे निर्विष केलेले विष तुरटीबरोबर साखळून दिले असता शरीराचा प्रतिसाद पुष्कळ वाढतो. पण ॲल्युमिनियमचे क्षार असलेली लस कातडीखाली राहिली तर गाठ धरते, कधी पिकतेही. स्नायूत रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून तेथे ती सोसते आणि लवकर उचलली जाते. धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, हिपॅटायटिस-बी या लसी याच वर्गातल्या. सुईचा प्रवास अशा रीतीने त्वचा, त्वचेखाली, आणि मग स्नायू असा तीन पायऱ्यांनी झाला. आणि तिसऱ्या पायरीवर पाऊल टाकताच मेद आडवा आला. कारण त्वचा आणि स्नायू यांच्या मधली जागा त्याचीच. आपली भाषा ज्या दोन वस्तूंना एकाच शब्दाने ओळखते, त्यांतला भेद करणे सुईला भाग पडले.

हा भेद सुईला साधत नव्हता, हे १९८२ मध्ये उघडकीस आले. कॅनडातील कॉकशॉट आणि त्यांचे सहकारी यांनी क्षकिरणांच्या छेदचित्रांवरून नितंबांवरील मेदाची जाडी मोजली आणि असा निष्कर्ष काढला की साडेतीन सेंटीमीटर लांबीची सुई वापरली तरी स्त्रियांपैकी पाच टक्क्यांहून कमी आणि पुरुषांपैकी पंधरा टक्क्यांहून कमी व्यक्तींच्या बाबतीतच औषध खरोखर स्नायूत पडत असावे. बाकीच्यांना जे 'स्नायूतले' इंजेक्शन म्हणून मिळत होते ते चरबीतले होते. याच सुमारास अमेरिकेत हिपॅटायटिस-बीची लस रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना देण्यास प्रारंभ झाला होता. या लसीचे वैशिष्ट्य असे की तिने निर्माण होणारी प्रतिपिंडे रक्तात सहज मोजता येतात. वण आणि ताप यांनंतरचे हे तिसरे गमक; आणि पहिल्या दोहोंपेक्षा ते कितीतरी बोलके. तीन मात्रा घेऊनही काहींच्या रक्तात प्रतिपिंडे सापडेनात. ती कोणाच्या रक्तात सापडत नाहीत हे पाहता पाहता १९८५ मध्ये वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठपणाकडे बोट दाखविले. त्याच वर्षी अमेरिकेच्या आरोग्ययंत्रणेने ही लस प्रौढांना नितंबात न देता दंडात द्यावी असे सांगितले. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही स्नायूतल्या लसी लहानग्यांना मांडीच्या बाहेरील बाजूस आणि मोठ्यांना दंडात देतात. श्वानदंशाची लस नितंबात देऊ नये हा दंडक जागतिक आरोग्य संघटनेचाही आहे.

येथे प्रश्न सुटला असता तर हा लेख सुईच्या लांबीचा इतिहास म्हणून संपविता आला असता. त्या दिशेने काम झालेही. लठ्ठ कुमारवयीन मुलामुलींना हिपॅटायटिस-बीची लस एक इंची व दीड इंची सुईने देऊन २०१० मध्ये तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा लांब सुईने दिलेल्यांत प्रतिपिंडे अधिक आढळली. म्हणून अमेरिकेतील सूचनांप्रमाणे सुमारे ९० किलोंपेक्षा अधिक वजनाच्या स्त्रीस व ११८ किलोंपेक्षा अधिक वजनाच्या पुरुषास दंडात टोचताना दीड इंची सुई घ्यावी असे ठरलेले आहे. परंतु लस दंडाच्या स्नायूत बिनचूक पडूनही लठ्ठ व्यक्तींचा प्रतिसाद कमी भरतो, असे अनेक ठिकाणी दिसू लागले. लठ्ठ मुलांत धनुर्वाताची प्रतिपिंडे कमी आढळल्याचे इस्राएलमधून २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा अडचण सुईच्या वाटेत तर होतीच, पण तेवढीच नव्हती.

मेदाविषयीची आपली समजूतच मुळात चुकलेली होती. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला. ते मेदपेशींतच तयार होते आणि रक्तावाटे मेंदूस भुकेचा हिशेब कळविते. पुढे असे आढळले की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही लेप्टिनचे संदेश समजतात. लठ्ठ शरीरात ते इतके भरपूर असते की पेशी त्याला दाद देईनाशा होतात. सतत ओरडणाऱ्या माणसाकडे घरातील लोक जसे लक्ष देत नाहीत, तसेच काहीसे. २००३ च्या सुमारास आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: वाढलेल्या मेदात भक्षकपेशींची गर्दी होते आणि त्या दाह उत्पन्न करणारी द्रव्ये सतत सोडीत राहतात. चुलीतील राखेखाली धुमसणाऱ्या निखाऱ्यासारखा हा दाह असतो. जाळ नाही, पण ऊब कधी जात नाही. ज्या यंत्रणेने लस येताच खडबडून जागे व्हावयाचे, ती अशा शरीरात आधीच अर्धवट जागी आणि थकलेली असते. मेद ही रिकामी खोली नव्हती. तीत कोणीतरी राहात होते, आणि ते स्वस्थ बसलेले नव्हते.

याचा परिणाम नेमका कोठे दिसतो, याविषयी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे काम उद्बोधक आहे. फ्लूची लस घेतलेल्या लठ्ठ प्रौढांत पहिल्या महिन्यात प्रतिपिंडे इतरांइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, आढळली. पण वर्षाअखेर ती इतरांपेक्षा बरीच खाली आली, आणि विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या लढाऊ पेशींची चपळाईही कमी भरली. हे २०१२ मधील. २०१७ मध्ये त्याच मंडळींनी प्रत्यक्ष आजारपणाची गणना दिली: लस घेतलेल्या लठ्ठ प्रौढांना फ्लू अथवा फ्लूसारखा आजार होण्याचे प्रमाण लस घेतलेल्या सडपातळ प्रौढांच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि तेही प्रतिपिंडांत फारसा फरक नसताना. या शेवटच्या वाक्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. वण हे पहिले गमक, ताप हे दुसरे, रक्तातील प्रतिपिंडे हे तिसरे; तिसरेही अखेरचे नव्हे असे येथे दिसते. 'लागली' किंवा 'लागली नाही' या दोन उत्तरांत न बसणारी एक तिसरी स्थिती आहे: लागली, पण लवकर उतरली. या स्थितीला मराठीत शब्द नाही. विष उतरते, नशा उतरते, ताप उतरतो. देवी मात्र एकदा लागल्या की लागल्या, अशीच आपली धारणा होती.

१६ जानेवारी २०२१ रोजी भारतात कोविडचे लसीकरण सुरू झाले. पुण्यात तयार होणारी कोविशील्ड आणि पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या साहाय्याने सिद्ध झालेली कोव्हॅक्सिन या दोन्ही लसी दंडाच्या स्नायूत द्यावयाच्या. इतक्या थोड्या काळात इतक्या निरनिराळ्या बांध्यांच्या देहांना लस देण्याचा प्रसंग जगात पूर्वी आला नव्हता. त्यामुळे आपला प्रश्न आता मोठ्या आकड्यांनिशी विचारता आला. ब्रिटनमधून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दुसऱ्या मात्रेनंतर सहा महिन्यांनी, तीव्र लठ्ठपणा असलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांच्या रक्तातील विषाणूस निष्प्रभ करण्याची शक्ती मोजता येऊ नये इतकी घटलेली आढळली. सामान्य वजनाच्या लोकांत हे प्रमाण १२ टक्के होते. वर्धक मात्रा देताच ती शक्ती परत आली, पण लठ्ठांत ती पुन्हा लवकर ओसरू लागली. याच्या शेजारी दुसरा एक निष्कर्ष ठेवला पाहिजे, आणि तो बहुधा सांगितला जात नाही. इंग्लंडमधील सुमारे ९० लाख लोकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये असे दिसून आले की, गंभीर आजार आणि मृत्यू यांपासून लसीने लठ्ठांनाही भरपूर संरक्षण दिले, सामान्य वजनाच्या लोकांच्या जवळपास तितकेच. संरक्षण काहीसे उणे भरले ते अतिकृशांत. चरकाने एकाच अध्यायात बसविलेले ते दोन निंदित देह येथे पुन्हा एकत्र आलेले पाहून प्रस्तुत लेखकास मौज वाटली. मात्र कृशता बरी हा चरकाचा निर्णय या एका बाबतीत तरी टिकला नाही.

आता या साऱ्या संशोधनातील एक कच्चा दुवा सांगितला पाहिजे. लठ्ठ कोण, हे ठरविले कशावरून? बहुतेक सर्वत्र किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्यावरून. बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'सरासरी मनुष्य' शोधताना हे सूत्र मांडले, आणि १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी त्यास आजचे नाव दिले, जे आपल्याकडे 'बीएमआय' म्हणून रूढ आहे. ते सूत्र वजन मोजते. मांस किती आणि मेद किती हे त्यास कळत नाही. त्या बाबतीत ते आपल्या बोलीइतकेच भोळे आहे.

हा भोळेपणा उघडा पाडण्याचे काम महाराष्ट्रातच झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या अर्भकांचा अभ्यास सुरू केला. तेथील बालकांचे जन्माचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधील बालकांचे ३.५ किलो. पण आपली ही लहानखुरी बालके सर्व बाबतींत सारख्या प्रमाणात लहान नव्हती. पोट, दंड, स्नायू ही उणी. पाठीवरच्या त्वचेखालचा मेद मात्र जवळजवळ टिकून. 'कृश-स्थूल' बालक असे ज्याचे वर्णन २००३ मध्ये जगापुढे गेले ते हेच. पुढल्या वर्षी याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी एकच. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सूत्राने दोघांनाही सडपातळ म्हटले होते. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये लठ्ठपणाची रेषा ३० वरून २५ वर आणली, तिच्यामागे हीच विचारसरणी आहे.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा. वर सांगितलेले पाश्चात्त्य अभ्यास ३० किंवा ४० बीएमआयच्या पलीकडील देहांविषयी बोलतात. त्या आकड्याजवळही न फिरकलेला, पोट किंचित सुटलेला, हातापायांनी काटकुळा असा जो मराठी देह आपण रोज पाहतो, त्याच्यात मेदाचे प्रमाण पाश्चात्त्य 'स्थूला'च्या जवळ जाणारे असू शकते, आणि त्याच वेळी पोषणाची उणीव त्याला 'कृशा'च्या जवळ नेते. मेद मोजावयाचा असेल तर तो मेदच मोजला पाहिजे, निदान कमरेचा घेर तरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनाच्या किंवा लठ्ठ गटात मोडले. ही गणना २५ बीएमआयच्या रेषेवरून केलेली आहे, म्हणून तीत हा कृश-स्थूल मनुष्य धरलेलाच नाही.

त्या उन्हाळ्यात 'जाड माणसाला लस लागतच नाही' अशी एक वदंता आमच्याही कानावर आली होती. तिच्यात सत्याचा कण होता, म्हणूनच ती धोक्याची होती. 'लागणे' या क्रियापदाचा जुना अर्थ मनात धरून माणूस विचार करतो तेव्हा कमी लागणे, लवकर उतरणे यांचे रूपांतर सहज 'लागत नाही' यात होते, आणि मग तो रांगेत येतच नाही. जो मनुष्य लसीविना त्या रोगास सर्वांत अधिक बळी पडण्याचा संभव, तोच घरी राहतो. लठ्ठपणा हे फ्लूच्या गंभीर आजाराचे स्वतंत्र कारण आहे ही गोष्ट २००९ च्या साथीत प्रथम ठळकपणे ध्यानी आली, आणि त्या साथीचा भारतातील पहिला मृत्यू पुण्यासच घडला होता.

त्या बाईंना मिळालेले उत्तर त्यांच्या अर्ध्या प्रश्नापुरते बरोबर होते. आपल्याकडे सामान्यतः वापरली जाणारी सुमारे एक इंची सुई नव्वद किलोंच्या आतील स्त्रीच्या दंडात, काटकोनात आणि पूर्ण आत घातली असता, स्नायूपर्यंत पोहोचते. आणि हात सैल सोडावयास सांगणे हेही योग्यच. उरलेला अर्धा प्रश्न, आत पोहोचलेली लस या देहात किती दिवस टिकेल, हा त्यांनी विचारला नव्हता, कारण तो विचारावयास त्यांच्यापाशी शब्द नव्हता. परिचारिकेपाशीही नव्हता. दुसऱ्या मात्रेची तारीख तिने चिठ्ठीवर लिहून दिली आणि ती चुकवू नका असे दोनदा बजावले.